वहिनीचा खांदा, माझा तक्ता

मंडळाच्या गणपतीत कुणी माझी नोकरी विचारली की बायको परस्पर "इन्शुरन्समध्ये आहेत" असं सांगून टाकते. समोरचा माणूस लगेच बटाटेवड्याच्या रांगेकडे सरकतो. त्याला वाटतं, हा आता पॉलिसी गळ्यात मारणार. मी पॉलिसी विकत नाही, मी तक्ते करतो. माणसाला कामावर दुखापत झाली तर त्याच्या औषधपाण्याचा आणि बुडालेल्या पगारातल्या काही भागाचा खर्च मालकाच्या विमा कंपनीने द्यायचा, आणि त्याबदल्यात कामगाराने मालकाला कोर्टात खेचायचं नाही, असा कायदा इथे अमेरिकेत राज्याराज्यात आहे. त्या विम्याचा खर्च का वाढतो, हे शोधणाऱ्या एका कचेरीत मी वीस वर्षं बसतो आहे. आम्ही त्याला कॉस्ट ड्रायव्हर म्हणतो. खर्च वाढवणारी कारणं. पाठीची ऑपरेशनं, महागडी औषधं, वकील, दुभाषे. एकेका कारणाला तक्त्यात एकेक ओळ. ओळीच्या मागे कुठेतरी माणसं असतात, पण ती तक्त्यात मावत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला कधी त्यांची उणीव भासली नव्हती.

राज्य कोणतं ते सांगत नाही. घरची गोष्ट आहे, आणि माझ्या रिटायरमेंटला अजून अवकाश आहे.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. सांगलीला इंजिनियरिंग करताना मी चार वर्षं दादाच्या दोन खोल्यांत राहिलो. वहिनी जमिनीवर बसून पोळ्या लाटायची, शेजारी खालीच शेगडी, आणि समोर मी ताट घेऊन. तव्यावरची पोळी उतरायच्या आत आधीची संपलेली असायची.

"भावजी, चावता की तशीच गिळता?" ती विचारायची.

"तू लाटायचं बघ," मी म्हणायचो. त्या घरात माझं योगदान एवढंच होतं.

सिटिझन झाल्यावर मी आधी दादासाठी अर्ज केला. इथे भावंडांची रांग लांब असते. अर्ज केला तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती आणि व्हिसा आला तेव्हा ती ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दुसऱ्यांदा नापास होत होती. दादा साठीला टेकल्यावर अमेरिकेत आला, तीन हिवाळे काढले, आणि तिसऱ्यात गेला. त्यांना मूलबाळ नाही. आम्ही वहिनीला म्हटलं, आता आमच्याकडेच ये. ती म्हणाली, "पाहुणी म्हणून येईन. राहायला नाही." आणि दहा मिनिटांवरचं आपलं एका खोलीचं अपार्टमेंट तिने सोडलं नाही.

त्या अपार्टमेंटसाठी तिने आयुष्यातली पहिली नोकरी धरली. देशी दुकानांतून मिळतात ना पोळ्यांची पाकिटं, वर 'घरच्यासारखी' असं छापलेली, ती जिथे होतात तिथे. मोठं स्वयंपाकघर, सहा बायका, हाताने लाटलेली पोळी हीच त्या मालाची ख्याती. मालक चाळिशीतला, सज्जन, वहिनीला मावशी म्हणणारा. पहिल्या पगारातून वहिनीने माझ्या बायकोला एअर फ्रायर दिला. बायको म्हणाली, "वहिनी, साडी तरी द्यायची!" वहिनी म्हणाली, "साडी तू नेसणार कधी? वडे रोज होतील."

तिथला स्टीलचा ओटा सहा फुटी माणसाच्या बेताने बसवलेला होता. वहिनी पाच फुटाला दोन बोटं कमी. तिने पाट मागितला, तर मालकाने दुधाचे कॅन ठेवायचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून दिला. त्यावर उभी राहून ती वर्षभर मजेत लाटत होती. मग विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला. क्रेटवरून पाय घसरेल म्हणाला, आणि क्रेट उचलायला लावला. माणसं घसरून पडणं हा मोठा कॉस्ट ड्रायव्हर आहे, ती ओळ मीच केलेली. क्रेट गेल्यावर पोळपाट वहिनीच्या छातीशी आला. खांदे वर उचलून, दिवसाचे आठ तास, दीड वर्ष तिने तसंच लाटलं. हे मला माहीत होतं. तिने हसत हसत सांगितलं होतं, आणि मीही हसलो होतो.

त्याच दीड वर्षात माझ्या हातून एक मोठं काम झालं. माझ्या तक्त्यात एक ओळ दरवर्षी वर चढत होती: हळूहळू झिजून झालेली दुखणी. कुणी पडलं नाही, काही तुटलं नाही, रोजच्या कामाने मनगट, मान, खांदा गेला, अशी. आमच्या डायरेक्टरबाई ती ओळ घेऊन विधिमंडळाच्या समितीपुढे गेल्या. मी त्यांच्या मागच्या खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसलो होतो. एका आमदाराने विचारलं, "हा तक्ता कुणी केला?" डायरेक्टरबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी बसल्या जागी अर्धवट उठलो, लग्नात आहेर पुकारल्यावर उठतात तसा. पुढच्या अधिवेशनात कायदा बदलला. असल्या दुखण्याचं मुख्य कारण काम हेच असलं पाहिजे, निम्म्याहून जास्त. तसं नसेल तर उपचार नाही, पगार नाही, काही नाही. कायद्याच्या भाषेत याला सुधारणा म्हणतात. मी समितीच्या खोलीतला माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. वहिनीने उत्तर धाडलं, "अभिनंदन भावजी. गुळाची पोळी लागू."

त्या दिवाळीत ती आमच्याकडे आली आणि तिने पोळ्या केल्या. आमचा ओटाही उंचच, पण पोळ्या तीसएक. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "काय वहिनी, एका बाजूला जाड! पाकिटाच्या पोळ्यांनी हात बिघडला वाटतं." सगळे हसले. तीही हसली, आणि डाव्या हाताने उजवा खांदा जरा चोळला. मी दुसरी पोळी मागितली.

डिसेंबरात तिला वेणी घालता येईना. हात कानापर्यंत जाऊन अडकायचा. डॉक्टरांनी आतलं स्नायूचं टोक फाटल्याचं सांगितलं, ऑपरेशन सुचवलं. मालक तिला म्हणाला, "मावशी, घरच्या घरी बघू या ना. क्लेम केला की माझा विमा महागतो, तुमच्या भावजींना विचारा." तिने विचारलं. मी म्हटलं, क्लेम कर, तुझा हक्क आहे. एवढं एक मी नीट केलं. मालकाने तोंड पाडून का होईना, कागद पाठवले. विमा कंपनीने कळवलं की दुखण्याचं मुख्य कारण काय ते आमचे डॉक्टर ठरवतील, जानेवारीत तपासणीला या.

तपासणीच्या ऑफिसातून मला फोन आला. मराठी दुभाषी मिळत नाही, हिंदी चालेल का, की घरचं कुणी येईल? मी म्हटलं, मीच येतो. दुभाष्यांच्या ओळीतला एक खर्च वाचवल्याचं मला त्या क्षणी थोडं समाधानही वाटलं असावं. सवय हो, दुसरं काय.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिला घ्यायला गेलो, तर ठेवणीतली साडी, वर जाड कोट, पायात स्नीकर्स, आणि हातात पिशवी. पिशवीत स्टीलचा डबा.

"हे काय, वहिनी?"

"गुळाच्या पोळ्या. डॉक्टरांना."

"केल्यास कधी?"

"काल. हळूहळू केल्या. रात्री शेकलं."

"अगं, त्याने तपासायला बोलावलंय, हळदीकुंकवाला नाही."

"डॉक्टर आहे ना? मग रिकाम्या हाताने जायचं? ते सुद्धा संक्रांतीचं?"

इथे थांबायला हवं होतं. या राज्यात तो कायदा तोंडपाठ असलेली जी काही मोजकी माणसं असतील त्यांतला मी एक. डबा गाडीत ठेव, एवढं म्हणायचं होतं. मी काय केलं, तर तिचा हात दुखतो म्हणून ती पिशवी आपल्या हातात घेतली आणि आत नेली.

डॉक्टर म्हातारे, गोड स्वभावाचे. अमुक उचला, तमुक वळवा म्हणाले. वहिनीने हात कानापर्यंत नेला आणि समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून चार बोटं आणखी वर नेला. तिचा चेहरा पांढरा पडला. "खूप दुखतंय का?" याचं उत्तर तिने "चालायचंच" असं दिलं. मी त्याचं भाषांतर "नॉट टू बॅड" असं केलं. मग तिने डबा पुढे केला. तुपाचा आणि तिळाचा वास खोलीभर झाला. डॉक्टरांनी झाकण उघडून पाहिलं, "हे यांनी केलं?" असं इतक्या कौतुकाने विचारलं, की मला राहवलं नाही.

मी सुरू झालो. आमच्या घराण्यात कुणाला गायन येत नाही, कुणी क्रिकेट खेळलं नाही. आम्हाला मिरवायला वहिनीच्या पोळ्या आहेत. पस्तीस वर्षं, रोज चाळीसएक पोळ्या, मी सांगितलं. दादाचे मित्र आयत्या वेळी यायचे ते वेगळे. लग्नाकार्यात तीनशे, एका बैठकीत, कुणाची मदत न घेता. पदर सुटलेली हलकी पोळी, डॉक्टर, आरपार उजेड दिसतो. वहिनी दोन शब्द बोलली की मी वीस करत होतो. डॉक्टर मान हलवत टाइप करत होते. मला वाटलं, कृती लिहून घेतायत.

वहिनीने मला कोपराने ढोसलं. "एवढं काय सांगताय?"

"तुझं कौतुक."

"पुरे झालं," ती म्हणाली, पण तिचा चेहरा खुलला होता. या देशात कुणी आस्थेने तिची माहिती विचारली होती, ती पहिल्यांदाच. सांगलीत ती खाली बसून लाटायची, खांदा कधी वर जायचा नाही. इथला ओटा छातीशी येतो. क्रेट काढून घेतला. हे सगळं मला ठाऊक होतं. त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि माझ्या गोष्टीत ते बसत नव्हतं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. तिच्या अपार्टमेंटमध्ये, तिच्या छोट्या टेबलाशी बसून मी तो वाचला. चौथ्या पानावर मी होतो. कुटुंबीयाच्या सांगण्यानुसार रुग्ण पस्तीस वर्षं घरी रोज चाळीस, आणि प्रसंगी तीनशे, पोळ्या हाताने लाटत आली आहे. तपासणीच्या वेळी तिने घरी केलेले खाद्यपदार्थ सोबत आणले होते. सबब, सध्याची नोकरी हे मुख्य कारण मानता येत नाही. सोबत विमा कंपनीचं एक पानी पत्र. क्लेम नामंजूर.

"काय लिहिलंय?" वहिनीने विचारलं.

भाषांतर करायला माझी जीभ त्या दिवशी इतकी सैल होती, आज वळेना. पण सांगितलं. सगळं सांगितलं, तो तक्ता, ती ओळ, तो कायदा, माझं बसल्या जागी अर्धवट उठणं.

ती टेबलावरचं प्लास्टिक नखाने साफ करत राहिली. मग म्हणाली, "पस्तीस वर्षं केलं तेव्हा त्याला कुणी काम म्हणालं नाही. तुमच्या दादांचे मित्र विचारायचे, वहिनी काय करतात? हे सांगायचे, काही नाही, घरीच असते." मग तिने विचारलं, "आणि डबा? डबा परत आला का?"

डबा परत आला नव्हता.

अपील करायचं तर वकील हवा. त्याच सुधारणेत वकिलांच्या फीवरही मर्यादा आली होती, त्यामुळे असली छोटी प्रकरणं कुणी घेईना. वकिलांची ओळही माझ्याच तक्त्यातली, हे आता वाचणाऱ्याला सांगायला नको. शेवटी मंडळातल्या एका रिटायर्ड डॉक्टरांची मुलगी, इथेच जन्मलेली, याच कामातली वकील, ओळखीखातर तयार झाली. तिच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. ओट्याची आणि क्रेटची हकिकत मी सांगितली, तीनदा सांगितली.

"काका, तो ओटा, द काउंटर, इज गुड. व्हेरी गुड," ती म्हणाली. "पण ते पोळ्यांचं स्टेटमेंट इज किलिंग अस. तुम्ही फॅमिली आहात, प्राउड होता, सो यू एक्झॅजरेटेड. तसं लिहून द्यायचं. वॉज इट अ‍ॅन एक्झॅजरेशन?"

"हो," मी म्हटलं. "बऱ्यापैकी."

"मुळीच नाही," वहिनी म्हणाली.

मुलगी वळली. "काकू?"

"मला समजतं तेवढं इंग्लिश. वाढवून नाही सांगितलं यांनी. उलट कमीच सांगितलं. गणपतीतल्या धरल्याच नाहीत."

"काकू, पण इफ यू से दॅट इन द हिअरिंग..."

"मग काय म्हणू? बाई होती आमच्याकडे?"

"कुणी मदतीला येत असेल ना, समटाइम्स?"

"कोण येणार? हे?" तिने माझ्याकडे हनुवटी केली. "हे खायला असायचे."

त्या मुलीने पेन खाली ठेवलं. तिला हसू येत होतं आणि ते तिने दाबलं. ती म्हणाली, घरी जाऊन विचार करा, मुदत अजून आहे.

परतताना गाडी फ्रीवेला लागली. मग मी म्हटलं, "वहिनी, एवढंच तर लिहून द्यायचंय. रोज दहा-बारा करायचीस म्हण. कोण मोजायला येतंय? ऑपरेशन होईल, परत कामावर जाशील, तुझं घर राहील."

"भावजी, तुम्ही रोज किती खायचात?"

"आठ," मी म्हटलं. तेही दोन कमी करून सांगितलं. दहा खायचो.

"मग?" ती म्हणाली. "मी दहाच लाटायचे म्हटलं तर तुम्हाला, ह्यांना जेवायला कोणी घातलं? तेवढं एकच केलंय मी आयुष्यात. ते केलं नाही असं स्वतःच्या सहीने लिहून देऊ?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. सही मी करायची आहे."

आमच्या पैशाने ऑपरेशन करू म्हटलं, बायकोने तर हात जोडले. वहिनी म्हणाली, "कामाने झालंय, तर कामाने करायला हवं होतं. तुम्ही का?" मुदत गेली. मालकाने दोनदा फोन केला, पाकिटं मोजायचं हलकं काम देतो म्हणाला; तिसऱ्यांदा केला नाही. मार्चअखेर अपार्टमेंट सोडलं. तिचं सगळं सामान माझ्या गाडीच्या तीन खेपांत आलं. पोळपाट तिने उचलला नाही, तो मी उचलला. आमच्या खालच्या खोलीत ती राहायला आली. पहिले काही दिवस ती कपाट लावेना, बॅगेतूनच कपडे काढायची, पाहुणीसारखी.

एप्रिलमध्ये ऑफिसात नवा तक्ता निघाला. झिजून झालेल्या दुखण्यांची ओळ पहिल्यांदाच खाली उतरली होती. डायरेक्टरबाईंनी डोनट आणले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी त्या उतरत्या रेघेकडे पाहत बसलो. वहिनी त्यात कुठे आहे ते दाखवता आलं नसतं. डोनट मात्र खाल्ला.

घरी आता पोळ्यांचा प्रश्न असतो. बायको ऑफिसातून सातला येते. मी लाटायला घेतली होती, ती वहिनीने लांबून पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, राहू द्या." शेवटी पाकीट आणतो. 'घरच्यासारखी'. त्याच स्वयंपाकघरातलं, इथल्या दुकानांत दुसरं मिळत नाही.

परवा जेवताना वहिनीने ताटातली पोळी उचलली, डाव्या हाताने. उलटी केली, सुलटी केली, कडेने बोट फिरवलं.

"माझ्या जागी नवीन कोणी घेतलेली दिसते," ती म्हणाली. "बुटकी आहे."

"पोळीवरून कळतं?" माझ्या बायकोने विचारलं.

"ही कड बघ. इथे जाड राहिली. पलीकडच्या बाजूला दाब पोचत नाही तिचा." तिने पोळी माझ्यापुढे धरली. जाड होती. दिवाळीतली ती दुसरी पोळी, मी हसत मागून घेतलेली, तीही तशीच होती.

"चार-सहा महिने काढेल," वहिनी म्हणाली. "मग वेणी घालता यायची नाही. भावजी, तुम्ही त्याच ऑफिसात आहात ना? सांगा की कुणाला तरी."

"सांगतो," मी म्हटलं.

तिने ती पोळी माझ्या ताटात ठेवली आणि मी खाल्ली.